मॅडम नुसत्या बघत का बसल्या?

पत्र

नमस्कार,

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत आहे. आम्ही साताऱ्यात राहतो. पाढे, कविता, क्रिकेटचे स्कोअर सगळं त्याला तोंडपाठ. पण सकाळी सांगून सांगून माझा घसा बसतो, तेव्हा कुठे एक मोजा पायात जातो. दुसरा शोधायला म्हणून उठतो तो बॅट घेऊन बसतो. दप्तरात कालच्याच वह्या. डबा ओट्यावर राहतो, पाण्याच्या बाटल्या किती हरवल्या याचा हिशेब नाही. गृहपाठ येत असतो, पण अर्धाच होतो. त्याच्या बाई मात्र म्हणतात, "वर्गात तसा ठीक आहे, जरा स्वप्नाळू आहे."

बालरोगतज्ज्ञांनी सुचवलं म्हणून पुण्याला मानसशास्त्रज्ञांकडे गेलो. बुद्ध्यांक चांगला आला. कार्डं लावायची एक आणि कॉम्प्युटरवरची एक चाचणी झाली, तीही "वयानुसार योग्य". मग ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांकडे, पाठवलं. त्यांनी माझ्याकडून एक फॉर्म भरून घेतला, तसाच एक शाळेत दिला. माझ्या फॉर्मवरून ७१ आले, बाईंच्या फॉर्मवरून ५८. मुलगा एकच! पुढच्या वेळी त्याच्यासमोर पीठ, मीठ, पाणी, रंग आणि चित्रांची पुस्तिका ठेवली आणि खेळायचा गोळा बनवायला सांगितलं. तो मिठातच बोट फिरवत बसला, रंग आधीच ओतला, पाणी सांडलं. दोनदा त्याने मॅडमकडे पाहिलं. त्या नुसत्या बघत बसल्या आणि कागदावर लिहीत राहिल्या. माझा जीव तुटत होता. आता त्या म्हणतात, "एक्झिक्युटिव्ह फंक्शनमध्ये अडचण दिसते."

मिस्टर म्हणतात, इतक्या मोठ्या चाचण्या नॉर्मल आल्या, आता पीठ कालवून काय कळणार? सासूबाई म्हणतात, मुलगे असेच असतात, ही सगळी नवी फॅडं. नणंद म्हणते, मेंदूच्या ट्रेनिंगचं ॲप घे. मी कोणाचं खरं मानू? हे एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) आहे का? की फॉर्म भरताना मीच चिडून काहीतरी लिहिलं? तो आठव्या महिन्यात झाला होता, पण आता तब्येतीने छान आहे.

– एक आई, सातारा

उत्तर

ताई,

फॉर्म तुम्ही चुकीचा भरलेला नाही. पुण्याचे रिपोर्टही खोटे नाहीत. आणि पीठ कालवताना जे दिसलं ते या दोन्हींपेक्षा तुमच्या जास्त कामाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. हे तिन्ही एकाच वेळी खरं कसं, ते आधी सांगते. ते कळलं की घरातला वाद बराचसा निवळेल.

तुमच्याच पत्रातला मोजा घेऊ. एक मोजा घातला, दुसरा शोधायला उठला, वाटेत बॅट दिसली. बॅट उचलायची ऊर्मी त्या क्षणी आवरणं हे एक कौशल्य. "आपण मोजा शोधायला उठलो होतो" हे डोक्यात धरून ठेवणं हे दुसरं. मोजा नेहमीच्या जागी नाही, तर अडून न बसता दुसरी जोडी काढणं हे तिसरं. या तिघांच्या जोरावर पुढची मोठी कामं उभी राहतात: आधी काय नंतर काय हे ठरवणं, वेळेचा अंदाज घेणं, झालेलं काम स्वतः तपासून पाहणं. या सगळ्याला मिळून एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स म्हणतात. पाढे पाठ असण्याशी याचा फारसा संबंध नाही. मोजे कसे घालतात हे तुमच्या मुलाला पक्कं माहीत आहे. पण ते माहीत असणं आणि सकाळी सात वाजता, आजूबाजूला घर जागं होत असताना, ते शेवटापर्यंत करणं यांत अंतर आहे, आणि तो त्या अंतरात अडकतोय.

ही कौशल्यं कपाळामागच्या मेंदूच्या भागावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात आणि तो भाग पिकायला विशी उलटून जाते. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलाकडून सगळं नीट होणारच नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. पण तीन-चार पायऱ्यांचं रोजचं काम, एखाददुसऱ्या आठवणीवर, या वयात साधारणपणे व्हायला लागतं. तुमच्याकडे ते होत नाही आणि त्यापायी रोजची सकाळ भांडणात जाते, म्हणून हा प्रश्न खरा आहे.

आता मिस्टरांची शंका. मोठ्या चाचण्या नॉर्मल, मग पीठ कशाला? पुण्यातली ती टेबलावरची चाचणी होते कशी ते आठवून बघा. शांत खोली, समोर एकच माणूस, टेबलावर एकच काम. सुरू कधी करायचं ते चाचणी घेणारी व्यक्ती सांगते, नियम ती सांगते, थांबायचं कधी तेही तीच सांगते. पाच-दहा मिनिटांत विषय संपतो. ज्या गोष्टींवर तुमचा मुलगा घरी अडखळतो, म्हणजे आपणहून सुरुवात करणं, मध्ये भरकटल्यावर परत येणं, संपलं की नाही ते ठरवणं, त्यातलं बरंच काही त्या खोलीत दुसऱ्याच कोणीतरी त्याच्या वतीने केलेलं असतं. मग निकाल चांगला येतो, आणि तो खराच असतो. तेवढा आधार दिला की याला जमतं, एवढं त्यातून कळतं, आणि तेही काही थोडं नाही.

हा पेच मुलांच्या आधी मोठ्यांच्या बाबतीत लक्षात आला. १९९१ मध्ये टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस या ब्रिटिश संशोधकांनी डोक्याला मार लागून मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या तीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बुद्ध्यांक उत्तम, टेबलावरच्या बहुतेक चाचण्या ठीक, पण आयुष्याची घडी पार विस्कटलेली. मग त्यांना दुकानांच्या रस्त्यावर नेऊन काही साधी कामं आणि काही नियम दिले: अमुक वस्तू आणा, अमुक माहिती काढा, उगाच दुकानात शिरायचं नाही. तिथे सगळं उघडं पडलं. (तुमच्या मुलाच्या मेंदूला इजा आहे असं मी मुळीच म्हणत नाहीये. काम बघायची पद्धत कुठून आली तेवढंच सांगतेय.) त्या अभ्यासानंतर "खऱ्या कामात बघा" हा आग्रह वाढत गेला, आणि ऑक्युपेशनल थेरपीला तो मुळातच जवळचा, कारण आम्हा थेरपिस्टांचं काम माणसाच्या रोजच्या कामांशीच असतं.

मुलांसाठी मग अशी कामं मुद्दाम बसवली गेली. तुम्ही वर्णन केलंय ते बहुधा "चिल्ड्रन्स किचन टास्क असेसमेंट". अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ते तयार झालं, २००८ साली प्रसिद्ध झालं, आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी. इस्रायलमधल्या "डू-ईट"मध्ये पाच ते आठ वर्षांची मुलं सँडविच करतात, चॉकलेटचं दूध करतात आणि एक प्रमाणपत्र भरतात. फ्रान्समध्ये मेंदूला इजा झालेल्या मुलांकडून चॉकलेट केक करून घेतात. किशोरवयीन मुलांना आठवड्याच्या वेळापत्रकात एकमेकांवर आदळणाऱ्या भेटी बसवायला देतात. स्वयंपाक किंवा वेळापत्रक यासाठी की त्यात बऱ्याच पायऱ्या असतात, क्रम चुकला तर दिसतो, आणि शेवटी हातात काहीतरी येतं, ज्याच्याकडे बघून मुलगा स्वतः ठरवू शकतो, जमलं की नाही.

आणि आता ज्याने तुमचा जीव तुटला त्याबद्दल. मॅडम नुसत्या बघत नव्हत्या. त्या थांबल्या होत्या, आणि किती वेळ थांबायचं, कधी बोलायचं, किती बोलायचं हे त्यांचं ठरलेलं होतं. या मोजमापात मुलगा कुठे चुकला याच्याइतकंच महत्त्वाचं असतं ते हे, की चुकल्यावर किती मदतीने गाडी परत चालू होते. आधी काहीच बोलायचं नाही, स्वतःहून लक्षात येतंय का ते बघायचं. नाहीच आलं, तर मोघम विचारायचं: "आता पुढे काय?" तेवढ्याने भागलं नाही, तर पुस्तिकेतल्या चित्राकडे बोट करायचं. तरी नाही, तर सरळ सांगायचं: "आता मीठ घाल." मग हाताला धरून, आणि अगदीच अडलं तर ती पायरी आपण करून द्यायची. प्रत्येक पायरीला यातली कुठली मदत लागली, ते त्या कागदावर लिहीत होत्या. तुम्ही उठून करून दिलं असतं तर मुलाला बरं वाटलं असतं, पण "आता पुढे काय?" एवढ्यावर त्याची गाडी सुटते की सरळ सांगावंच लागतं, हे कधीच कळलं नसतं. तुमच्या सकाळचं उत्तर या फरकात आहे. ज्या मुलाला प्रश्न पुरतो, त्याला घरी तुम्ही दिवसभर हुकूम देत असाल, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त मदत करताय आणि दोघंही थकताय.

तुम्ही टिपलेल्या बारीकसारीक गोष्टी फार मोलाच्या आहेत. मिठात बोट फिरवत बसला: हाताला येणाऱ्या स्पर्शाने तो कामावरून ओढला गेला. रंग आधी ओतला: पुस्तिकेतला क्रम न बघता जे आकर्षक ते आधी. दोनदा मॅडमकडे पाहिलं: म्हणजे काहीतरी चुकतंय याची जाणीव झाली असावी, पण "मला सांगा ना" असं तोंडाने मागता आलं नाही. ही जाणीव असणं चांगलं लक्षण आहे. काही मुलं गोळ्याचं पार सरबत झालं तरी "मस्त झालं" म्हणून उठतात, तिथे काम वेगळ्या जागेपासून सुरू करावं लागतं. पाणी सांडलं त्याचा मात्र लगेच अर्थ लावू नका. घाईने सांडलं, लक्ष नव्हतं म्हणून सांडलं, की भांडं धरायला, कलतं करायला हातच नीट साथ देत नाही म्हणून सांडलं? बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं. हात आणि योजना या दोन्हींकडे एकाच वेळी बघायचं शिक्षण ऑक्युपेशनल थेरपिस्टला असतं. पुढच्या भेटीत हा प्रश्न नक्की विचारा. अक्षर कसं आहे, बुटाची नाडी बांधता येते का, सायकल कधी आली, हेही सांगा.

तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंत की तो आठव्या महिन्यात झाला. हे थेरपिस्टला सांगितलंय का? नसेल तर सांगा, डिस्चार्ज कार्ड असेल तर घेऊन जा. वेळेआधी जन्मलेल्या मुलांमध्ये अशा अडचणी आणि हातापायांच्या समन्वयाच्या अडचणी जास्त दिसतात, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलंय. तब्येत उत्तम, बुद्धी उत्तम, आणि तरी हे, असं होऊ शकतं. यात तुम्ही गरोदरपणात काही केलं किंवा केलं नाही याचा दोष शोधू नका. लाडावल्यामुळेही हे होत नाही.

आता दोन आकडे. तुमच्या वर्णनावरून तो "ब्रीफ-२" नावाचा फॉर्म असावा. मागच्या सहा महिन्यांत मूल कसं वागलं ते "कधीच नाही, कधीकधी, अनेकदा" यांत सांगायचं असतं. त्यात ५० म्हणजे मधला आकडा. ६५ च्या वर गेलं की लक्ष द्यावं असं मानतात, ७० च्या वर गेलं की अडचण ठळक आहे. बाईंचा ५८ नेहमीच्या पट्ट्यात बसतो, तुमचा ७१ बसत नाही. पण तुमच्या उत्तरांची तुलना इतर पालकांच्या उत्तरांशी होते आणि बाईंच्या उत्तरांची इतर शिक्षकांच्या. दोघी वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी त्याला बघता. वर्गात तास ठरलेले, घंटा होते, शेजारच्याने वही काढली की हाही काढतो. घरी सकाळी घंटा म्हणजे तुम्ही. शिवाय भरल्या वर्गात खिडकीबाहेर बघत बसलेलं शांत मूल कोणाला त्रास देत नाही. "स्वप्नाळू" हा शब्द बाईंनी सहज वापरला असेल, पण मी तो सोडणार नाही. त्यांना नेमकं विचारा: फळ्यावरचं उतरवून पूर्ण होतं का? "वही काढा, पान काढा, तारीख घाला" अशा तीन सूचना एकदम दिल्या तर तिसरी होते का? डब्याच्या सुटीनंतर तो कामाला किती वेळाने लागतो? "कसा आहे?" या प्रश्नाला "ठीक आहे" हेच उत्तर येणार.

चिडून भरला का, ही तुमची शंकाही मला महत्त्वाची वाटते. फॉर्म बनवणाऱ्यांनी त्याचा विचार केलेला आहे. उत्तरं एकमेकांशी जुळतात का आणि सगळीच टोकाची नकारार्थी आहेत का, हे तपासायची सोय आतच असते. थेरपिस्टला तो भाग दाखवायला सांगा. दमलेल्या आईचा आकडा थोडा वर जाऊ शकतो, हे खरं. पण दमलेली आई खोटं बोलत नसते.

फॉर्म आणि टेबलावरच्या चाचण्या एकमेकांशी का जुळत नाहीत, याचाही अभ्यास झालाय. २०१३ मध्ये कॅनडातल्या मॅगी टोप्लाक आणि सहकाऱ्यांनी असे २० अभ्यास एकत्र पाहिले. दोन्हींमधला सहसंबंध मधल्या आकड्याने ०.१९ इतकाच निघाला. पूर्ण जुळलं असतं तर तो १ आला असता. त्यांचं म्हणणं असं की दोन्ही पद्धती वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. तेव्हा मिस्टरांना सांगा, पुण्याचा रिपोर्ट फाईलमध्ये जपून ठेवू, तो चांगलाच आहे. पण तो नॉर्मल आला म्हणून घरातली अडचण खोटी ठरत नाही.

सासूबाईंना दोन गोष्टी सांगता येतील. "मुलगे असेच असतात" हे त्या फॉर्ममध्ये धरलेलं आहे: त्या-त्या वयाच्या मुलग्यांची तुलना मुलग्यांशी आणि मुलींची मुलींशी होते. म्हणजे ७१ हा आकडा मुलगा असण्याची सूट देऊन आलेला आहे. दुसरं, हे फॅड नवं नाही. मुंबईत केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये देशातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. तुमच्याच जिल्ह्यात फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, कमला निंबकर बालभवन. सासूबाईंनी नाव ऐकलेलं असण्याची शक्यता बरीच आहे.

मात्र सासूबाईंच्या बोलण्यातला एक धागा मी गांभीर्याने घेईन, आणि थेरपिस्टनेही घ्यावा. या मुलाने आजवर स्वतः दप्तर भरलंय का? ओट्याजवळ उभं राहून काही कालवलंय का? आपल्याकडे पुष्कळ घरांत नऊ वर्षांच्या मुलाचं दप्तर आई भरते, बूट आजोबा घालतात, भरवायलाही कोणी ना कोणी असतं. मायेनेच होतं ते. पण मग काम जमत नाही की कधी करायलाच मिळालं नाही, हे वेगळं काढावं लागतं. वरच्या सगळ्या चाचण्यांचे आकडे परदेशातल्या मुलांवरून बसवलेले आहेत. तिथल्या मुलाने सँडविच स्वतः केलेलं असतं, आपल्या मुलाने पोळीचा तुकडाही तोडलेला नसतो. म्हणून आकड्याइतकंच महत्त्व दुसऱ्या वेळेला आहे. तेच काम आठवड्याने परत दिलं आणि भराभर सुधारणा झाली, तर सरावाची कमतरता होती. तितकीच मदत पुन्हा लागली, तर अडचण खोल आहे.

एडीएचडीबद्दल सरळ उत्तर: एवढ्या माहितीवरून कोणीही सांगू नये, मीही सांगणार नाही. एक्झिक्युटिव्ह फंक्शनची अडचण म्हणजे एडीएचडी असं समीकरण नाही. ती स्वमग्नतेत (ऑटिझम) दिसते, वेळेआधी जन्मलेल्या मुलांत दिसते, अपस्मार (फिट्स) असलेल्या मुलांत दिसते, झोप पुरेशी नसलेल्या अगदी निरोगी मुलांतही काही प्रमाणात दिसते. एडीएचडीचं निदान बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञ करतात. त्यासाठी लक्षणं किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी, आणि वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसावी लागतात. शाळेकडून नेमकी उत्तरं आली आणि तिथेही अडचण दिसली, तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे परत जा. त्याच भेटीत डोळे, कान आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि तो मध्येच काही सेकंद टक लावून बघत राहतो, हाक मारली तरी कळत नाही, आणि मग काहीच न झाल्यासारखं काम पुढे चालू करतो, असं कधी दिसलं असेल तर ते आठवणीने सांगा. ते स्वप्नाळूपण नसून एका प्रकारची फिट असू शकते आणि तिच्यावर औषध आहे.

ॲप घेऊ नका. अशा खेळांनी त्या खेळातलं कौशल्य वाढतं, ते दप्तर भरण्यापर्यंत किंवा गृहपाठ संपवण्यापर्यंत पोचतं असं विश्वासार्ह अभ्यासांत दिसलेलं नाही. तो पैसा आणि तो अर्धा तास थेरपीला द्या.

आता पुढे काय करायचं. थेरपिस्टकडून लेखी रिपोर्ट घ्या, आणि "अडचण दिसते" या वाक्यावर समाधान मानू नका. कुठल्या पायरीवर अडला, कुठल्या मदतीने सुटला, चूक स्वतःच्या लक्षात आली का, आणि हाताच्या कौशल्याचा वाटा किती, हे त्यात हवं. राज्याच्या व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे ना, हे विचारायला संकोच नको. चांगला थेरपिस्ट या प्रश्नावर रागावत नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर अनेक जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांच्या विकासात्मक अडचणींसाठी केंद्रं आहेत, तिथे चौकशी करा. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे ऑक्युपेशनल थेरपीचे जुने विभाग आहेत.

मग एकच काम निवडा. सगळी सकाळ एकदम सुधारायला घेतली की काहीच सुधारत नाही. आणि निवडताना मुलाला विचारा. "तुला स्वतःला काय जमायला हवंय?" असं विचारल्यावर नऊ वर्षांची मुलं फार प्रामाणिक उत्तर देतात. तो कदाचित डबा म्हणणार नाही, "क्रिकेटचं किट विसरतो" म्हणेल. चालेल, तिथूनच सुरू करा. सध्या किती जमतं याला दहापैकी गुण त्यालाच द्यायला सांगा आणि तारीख घालून लिहून ठेवा. महिना-दोन महिन्यांनी परत विचारायचं. अशी पद्धत आमच्या कामात रुळलेली आहे आणि ७१ च्या आकड्यापेक्षा मला ती जास्त बोलकी वाटते.

समजा दप्तर निवडलं. रात्री जेवणानंतर, सकाळी कधीच नाही. तुम्ही शेजारी बसायचं, पण हात मांडीवर. "काय करायचंय आपल्याला?" तो सांगेल. "कसं करशील?" इथे घाई करू नका, त्याला बोलू द्या. तो म्हणेल, वेळापत्रक बघीन, वह्या काढीन. "कर मग." तो एखादी वही विसरेल. लगेच सांगू नका, मनात सावकाश दहा मोजा. नाहीच लक्षात आलं तर, "वेळापत्रकाशी जुळतंय का बघ बरं." त्यानेही नाही, तर वेळापत्रकातल्या त्या तासावर बोट ठेवा. पुढची मदत त्यानंतरच. झाल्यावर, "तू म्हणालास तसं झालं का? उद्या काय वेगळं करशील?" ध्येय, योजना, कृती, तपासणी, असे या पद्धतीचे चार टप्पे आहेत. कॅनडातल्या हेलन पोलाटाज्को आणि अँजेला मँडिच यांनी ती मुलांसाठी विकसित केली. तिचा सगळा भर मुलाने स्वतः युक्ती शोधण्यावर आहे. तुम्ही सांगितलेली युक्ती दोन दिवस टिकते. "मी इतिहासाची वही कालच्या जागेवरच उलटी ठेवतो, म्हणजे दिसते" ही त्याची स्वतःची, तुम्हाला विचित्र वाटेल अशी युक्ती महिनाभर टिकते.

रविवारी दुपारी एकदा लिंबू सरबत करायला सांगा, घरातल्या सगळ्यांसाठी. ही चाचणी नाही, त्यामुळे गुण देऊ नका. मिस्टरांना स्वयंपाकघराच्या दारात उभं करा आणि दोघांनीही बोलायचं नाही असं आधी ठरवा. किती ग्लास लागतील ते मोजतो का, लिंबू कापायला कोणाला बोलावतो का, साखर विरघळायच्या आत चव बघून अजून एक चमचा टाकतो का, मधेच उठून गेला तर आपणहून परत येतो का. पीठ कालवून काय कळणार हे मिस्टरांना मी पत्रातून जेवढं सांगितलं, त्याहून जास्त त्या पंधरा मिनिटांत दिसेल. जे दिसेल ते त्यांनाच त्यांच्या शब्दांत लिहायला सांगा, आणि तो कागद जन्माच्या वेळच्या डिस्चार्ज कार्डासोबत पुढच्या भेटीला थेरपिस्टच्या हातात द्या.